व्यवसाय कर आपला, हमी कुणाची?

(अण्णानगर, चेन्नई येथे रेल्वे व टपाल खात्यातील मराठी कामगारांच्या बैठकीत केलेल्या भाषणाचा मजकूर)



आजच्या बैठकीचा विषय आहे रोजगार आणि प्रशिक्षण यांवरील सरकारी खर्च. आपल्यापैकी काहींना वाटेल, आपण तर नोकरीत आहोत, पगार वेळेवर होतो, मग या अंदाजपत्रकाच्या आकड्यांशी आपला संबंध काय? संबंध दोन बाजूंनी आहे. एक तर घरी आयटीआय झालेला किंवा पदवी घेऊन बसलेला मुलगा अथवा मुलगी आहे. दुसरे म्हणजे, महाराष्ट्रात रोजगारासाठी म्हणून जो पैसा गोळा केला जातो, त्यात आपल्यासारख्या पगारदाराच्या खिशातला पैसा थेट जातो. हा दुसरा संबंध बहुतेकांच्या लक्षात नसतो, म्हणून सुरुवात तिथूनच करू.

मुंबई, पुणे, सोलापूर, भुसावळ या ठिकाणी नोकरी केलेल्यांनी आपली जुनी पगाराची स्लिप आठवावी. दरमहा २०० रुपये आणि फेब्रुवारीत ३०० रुपये, असे वर्षाला २,५०० रुपये ‘प्रोफेशनल टॅक्स’ म्हणून कापले जातात. बदली होऊन चेन्नईला आलात तरी हा कर सुटत नाही. फक्त इथे तो सहामाही कापला जातो, जास्तीत जास्त १,२५० रुपये, आणि तो महानगरपालिकेकडे जातो. रस्ते, दिवे, गटारे यांसाठी शहराच्या तिजोरीत त्याचा उपयोग होतो. वर्षाची कमाल रक्कम दोन्हीकडे सारखीच, कारण ती राज्यघटनेच्या कलम २७६ ने घातलेली मर्यादा आहे. पूर्वी ती २५० रुपये होती, १९८८ च्या घटनादुरुस्तीने २,५०० झाली.

कर एकच, पण त्यामागचा हेतू महाराष्ट्रात वेगळा होता. तिथे १९७५ साली या कराचा कायदा झाला तो रोजगार हमी योजनेसाठी पैसा उभा करायला. ज्याला महिन्याच्या महिन्याला पगार मिळतो त्याने थोडे द्यावे, आणि ज्याच्या हाताला कामच नाही त्याला त्यातून काम मिळावे, असा हिशेब होता. जितका कर जमेल तितकीच रक्कम राज्य सरकारनेही आपल्याकडून घालावी, असे ठरले होते. विक्रीकर, मोटार वाहन कर, बागायती जमीन यांवरील अधिभारही त्या निधीला जोडले गेले.

ही कल्पना सांगली जिल्ह्यातली. विसापूरचे वि. स. पागे हे विधान परिषदेचे सभापती होते. त्यांच्या पुढाकाराने १९६५ साली तासगाव तालुक्यात गावातल्या लोकांना गावाजवळच काम देण्याचा प्रयोग झाला. पुढे १९७२ चा दुष्काळ आला. त्या वेळी महाराष्ट्रात दुष्काळी कामांवरील मजुरांची संख्या १९७३ च्या उन्हाळ्यात पन्नास लाखांच्या घरात गेली होती. खडी फोडणे, पाझर तलाव, बांधबंदिस्ती, रस्ते अशी ती कामे होती. आपल्यातल्या अनेकांच्या आईवडिलांनी त्या खडीवर हात सोलून घेतले आहेत. त्या अनुभवातून ‘मागेल त्याला काम’ ही घोषणा आली, १९७७ साली विधिमंडळाने रोजगार हमीचा कायदा केला आणि २६ जानेवारी १९७९ पासून तो अमलात आला.

या कायद्याचे महत्त्व एका शब्दात आहे, तो शब्द ‘हमी’. सरकारने कामे काढली तर काढली, असे त्यात नव्हते. मजुराने नमुना चार भरून काम मागितले की पंधरा दिवसांत काम द्यायचे, नाही दिले तर बेकारी भत्ता द्यायचा. तो भत्ता कमीत कमी एक रुपया होता, म्हणजे नावापुरताच. पण तो मागण्याचा हक्क कायद्याने दिलेला होता. पुढे केंद्राने २००५ साली राष्ट्रीय ग्रामीण रोजगार हमी कायदा केला, तो फेब्रुवारी २००६ पासून दोनशे जिल्ह्यांत आणि एप्रिल २००८ पासून देशाच्या सर्व ग्रामीण जिल्ह्यांत लागू झाला. त्याचे मूळ महाराष्ट्राच्या या योजनेत आहे. त्या कायद्याखालची मजुरी देशाच्या अनेक भागांत पोस्टाच्या बचत खात्यांतून वाटली गेली. ती मोजून देणारे हात आपल्याच टपाल कर्मचाऱ्यांचे आणि ग्रामीण डाक सेवकांचे होते.

आता मुद्द्यावर येऊ. रोजगारावरचा सरकारी खर्च दोन प्रकारचा असतो. पहिला प्रकार हमीचा. त्यात काम मागणारे वाढले की खर्च वाढवावाच लागतो. दुसरा प्रकार योजनेचा. त्यात आधी रक्कम जाहीर होते, उद्दिष्ट जाहीर होते, आणि शेवटी जेवढे जमले तेवढे. दोन्हींतला फरक २०२० साली टाळेबंदीत दिसला. ग्रामीण रोजगार हमीसाठी त्या वर्षीच्या अंदाजपत्रकात ६१,५०० कोटी रुपये होते. शहरांतून लोक गावी परतले, कामाची मागणी वाढली, आणि वर्षअखेर खर्च एक लाख दहा हजार कोटींच्या पुढे गेला. सरकारला तो करावा लागला, कारण कायदा होता.

हमीलाही फाटे फोडता येतात, हे आपण विसरू नये. १९८८ साली महाराष्ट्रात रोजगार हमीची मजुरी किमान वेतनाच्या बरोबरीने आणली गेली आणि ती जवळजवळ दुप्पट झाली. चांगली गोष्ट झाली. पण त्यानंतर योजनेवरचे मनुष्यदिवस घटले. अभ्यासकांनी त्याचा अर्थ असा लावला की कामेच कमी काढली गेली, त्यामुळे मागणारा आणि मिळणारा यांत अंतर पडले. दर वाढवायचा आणि दार अर्धे लोटायचे, ही युक्ती तेव्हापासूनची आहे. केंद्राच्या कायद्यातही १०० दिवसांची हमी होती, पण एका कुटुंबाला प्रत्यक्षात सरासरी पन्नास दिवसांच्या आसपासच काम मिळत राहिले.

आता दुसऱ्या प्रकाराकडे पाहू. जुलै २०२४ च्या केंद्रीय अंदाजपत्रकात रोजगार व कौशल्यासाठी पाच योजनांचा एकत्रित संच जाहीर झाला. पाच वर्षांत ४ कोटी १० लाख तरुण आणि दोन लाख कोटी रुपये. आकडा मोठा आहे. त्यातल्या एकेका योजनेचे पुढे काय झाले ते बघू.

पहिली, इंटर्नशिप. देशातल्या ५०० मोठ्या कंपन्यांत पाच वर्षांत एक कोटी तरुणांना वर्षभराचा कामाचा अनुभव द्यायचा, महिना ५,००० रुपये. या पाच हजारांत सरकारचे ४,५०० आणि कंपनीचे ५००. ऑक्टोबर २०२४ मध्ये प्रायोगिक सुरुवात झाली. पहिल्या फेरीत ८२ हजारांवर तरुणांना देकार गेले, २८ हजारांवर तरुणांनी ते स्वीकारले आणि प्रत्यक्ष रुजू झाले ८,७०० च्या आसपास. त्या वर्षासाठी ठेवलेले २,००० कोटी सुधारित अंदाजात ३८० कोटींवर आले. मुलांना काम नको होते का? घरापासून दूरच्या शहरात राहायचे, खोलीभाडे भरायचे, दोन वेळा जेवायचे आणि हे सगळे पाच हजारांत. अण्णानगरात किंवा विल्लिवाक्कमला खोली घेऊन राहणाऱ्या आपल्या बांधवाने हिशेब करून पाहावा.

दुसरी, नोकरी देण्यासाठी मालकाला प्रोत्साहन. १ जुलै २०२५ रोजी मंत्रिमंडळाने ९९,४४६ कोटींची योजना मंजूर केली, दोन वर्षांत साडेतीन कोटी नोकऱ्यांचे उद्दिष्ट ठेवून. ही माहिती घरी उपयोगी पडेल म्हणून नीट ऐका. १ ऑगस्ट २०२५ ते ३१ जुलै २०२७ या काळात ज्याला पहिल्यांदाच भविष्य निर्वाह निधीची नोकरी लागेल आणि ज्याचा पगार महिना एक लाखापर्यंत असेल, त्याला एका महिन्याच्या पगाराइतकी, पण जास्तीत जास्त १५,००० रुपये रक्कम दोन हप्त्यांत मिळते. पहिला हप्ता सहा महिन्यांच्या नोकरीनंतर, दुसरा बारा महिन्यांनंतर आणि आर्थिक साक्षरतेचा अभ्यासक्रम पुरा केल्यावर. मालकाला प्रत्येक वाढीव कामगारामागे महिना ३,००० रुपयांपर्यंत दोन वर्षे, आणि कारखानदारीत चार वर्षे. आपल्या मुलाला खासगी कंपनीत नोकरी लागली तर त्याचा भविष्य निर्वाह निधीचा खाते क्रमांक निघाला की नाही, हे पहिल्याच महिन्यात पाहा. तो नाही तर हप्ताही नाही. कामगार म्हणून मात्र एक प्रश्न विचारायला हवा. मालक माणूस घेतो तो माल खपतो म्हणून. ज्याला माणूस हवाच होता त्याला हे तीन हजार फुकटचे मिळाले, आणि ज्याच्याकडे गिऱ्हाईकच नाही तो तीन हजारांसाठी माणूस ठेवणार नाही. मग अनुदान संपल्यावर किती नोकऱ्या टिकल्या, याची मोजणी कोण करणार?

तिसरी, आयटीआय. मे २०२५ मध्ये एक हजार सरकारी आयटीआय सुधारण्यासाठी ६०,००० कोटींची योजना मंजूर झाली. केंद्राचे ३०,०००, राज्यांचे २०,००० आणि उद्योगांचे १०,००० कोटी. प्रशिक्षकांना तयार करणाऱ्या ज्या पाच राष्ट्रीय संस्थांची क्षमता वाढवायची आहे, त्यांत चेन्नईची संस्था आहे. या खर्चाचे आपण स्वागत करतो. ज्या आयटीआयमध्ये जुने लेथ गंजत पडले आहेत तिथे नवीन यंत्र आले आणि निदेशकांच्या रिकाम्या जागा भरल्या, तर त्याचा लाभ कामगारांच्याच मुलांना होईल. पण यंत्र आले आणि शिकवणारा तासिकेवर राहिला, तर त्यातून फार काही निघणार नाही.

प्रशिक्षणाच्या खर्चाबाबत मागचा अनुभव काय सांगतो? २००९ च्या राष्ट्रीय धोरणात २०२२ पर्यंत ५० कोटी लोकांना कुशल करण्याचे उद्दिष्ट होते. २०१५ साली प्रधानमंत्री कौशल विकास योजना आली. तिच्यावरचा महालेखापरीक्षकांचा अहवाल डिसेंबर २०२५ मध्ये संसदेपुढे आला. तपासलेल्या नोंदींत दहापैकी नऊहून अधिक प्रशिक्षणार्थींच्या बँक खात्याच्या रकान्यात शून्ये होती, किंवा रकाना कोरा होता. आपल्या खात्यात मनीऑर्डरच्या एका पावतीवर सही राहिली तर खुलासा मागतात. इथे लाखो नावांपुढे शून्ये लिहिली तरी योजना पुढच्या टप्प्यात गेली.

महाराष्ट्र राज्याचेही पाहू. जुलै २०२४ मध्ये मुख्यमंत्री युवा कार्य प्रशिक्षण योजना आली. बारावी झालेल्याला महिना ६,०००, आयटीआय किंवा पदविकाधारकाला ८,००० आणि पदवीधराला १०,००० रुपये विद्यावेतन, मुदत सहा महिने. अनेक मुले सरकारी कार्यालयांत, जिल्हा परिषदांत, ग्रामपंचायतींत लागली. त्यांनी दाखले लिहिले, नोंदी भरल्या, फायली हलवल्या. मुदत संपत आली तेव्हा ही मुले रस्त्यावर उतरली आणि कायम करा म्हणू लागली. मुदत पाच महिन्यांनी वाढवून अकरा महिने केली गेली. त्या मुलांचे म्हणणे साधे होते. काम होते म्हणून तर आम्ही केले. मग ते काम कायम आणि आम्ही तात्पुरते, असे का?

हा प्रश्न आपल्या खात्यांना तर जास्तच लागू आहे. अण्णानगरच्या शेजारी इंटिग्रल कोच फॅक्टरी आहे. २ ऑक्टोबर १९५५ रोजी तिथून पहिला डबा बाहेर पडला आणि २०१८ साली पहिली वंदे भारत गाडीही तिथेच तयार झाली. २०२४ साली तिथे ॲप्रेंटिसच्या १,०१० जागांची जाहिरात निघाली. मुले शिकतात ही चांगली गोष्ट आहे. पण १९६१ च्या ॲप्रेंटिस कायद्याने ॲप्रेंटिसला कामगार मानलेले नाही, आणि प्रशिक्षण संपल्यावर नोकरी देण्याचे बंधन मालकावर नाही. विद्यावेतन २०१९ च्या नियमांत महिना पाच ते नऊ हजार ठरले. मे २०२५ मध्ये केंद्रीय ॲप्रेंटिसशिप परिषदेने ते ३६ टक्क्यांनी वाढवण्याची शिफारस केली.

२० मार्च २०१८ रोजी माटुंगा आणि दादरच्या मध्ये रुळांवर बसलेली मुले आपल्याला आठवत असतील. ती रेल्वेचे ॲप्रेंटिस झालेली मुले होती. लोकल बंद पडल्या, चाकरमान्यांचे हाल झाले, लाठीमारही झाला. त्यांची मागणी होती की रेल्वेने आम्हाला शिकवले, मग रेल्वेनेच सामावून घ्यावे. त्यांच्यासाठी खालच्या श्रेणीच्या भरतीत २० टक्के जागा राखीव आहेत. पण भरतीच वर्षानुवर्षे निघाली नाही तर वीस टक्के कशाचे? २०१९ साली त्याच श्रेणीच्या एक लाख तीन हजारांवर जागांची जाहिरात निघाली, अर्ज आले एक कोटीहून जास्त, आणि परीक्षा झाली २०२२ मध्ये. तीन वर्षांत ट्रॅकवर मात्र गँग चालूच राहिली, कमी माणसांत. टपालात ग्रामीण डाक सेवक चार-पाच तासांचा भत्ता घेऊन खेड्याचे सगळे पोस्ट चालवतो आणि सरकारी नोकराचा पूर्ण दर्जा त्याला नाही. मंजूर पण रिकामी जागा भरणे हीच सर्वांत सरळ रोजगार योजना आहे. तिला वेगळे नाव लागत नाही की उद्घाटनही लागत नाही.

जागा कमी आणि मुले जास्त झाली की भांडण मुलामुलांत लागते. ऑक्टोबर २००८ मध्ये मुंबई परिसरात रेल्वे भरतीच्या परीक्षेला आलेल्या उत्तरेतल्या मुलांना मारहाण झाली. मे २०१९ मध्ये इथे तमिळनाडूत, तिरुच्चीच्या पोन्मलै कारखान्यापुढे, बाहेरची मुले घेतली म्हणून निदर्शने झाली. आपण चेन्नईतले मराठी लोक या प्रश्नाच्या दोन्ही बाजू जाणतो. तिकडे आपण स्थानिक आणि इकडे बाहेरचे. स्थानिक मुलांना आपल्या भाषेत परीक्षा आणि न्याय्य वाटा मिळाला पाहिजे, ही मागणी रास्त आहे. ती आपण तमिळ सहकाऱ्यांसाठीही केली पाहिजे. पण एक लाख जागांसाठी एक कोटी अर्ज येतात तेव्हा नव्व्याण्णव लाख मुले रिकाम्या हाताने परततात. त्यांत मराठी, तमिळ आणि बिहारी तिघेही असतात.

आता शेवटचा आणि महत्त्वाचा मुद्दा. डिसेंबर २०२५ मध्ये संसदेने ग्रामीण रोजगार हमीच्या जागी नवा कायदा मंजूर केला. दिवस १०० वरून १२५ झाले. ऐकायला बरे वाटते. पण जुन्या कायद्यात अकुशल मजुरीचा सगळा खर्च केंद्राचा होता. नव्या कायद्यात बहुतेक राज्यांसाठी वाटणी ६० आणि ४० अशी आहे. शिवाय राज्याला किती रक्कम मिळणार हे केंद्र आधी ठरवणार, आणि त्यापलीकडचा खर्च राज्याने सोसायचा. शेतीच्या हंगामात साठ दिवसांपर्यंत कामे बंद ठेवण्याचीही तरतूद आहे. म्हणजे हमीला योजनेचा साचा लावला गेला. मागणीप्रमाणे खर्च, याऐवजी खर्चाप्रमाणे काम.

इथे आपला व्यवसाय कर पुन्हा समोर येतो. केंद्र मजुरी देत होते तोवर महाराष्ट्र सरकारवर भार कमी होता, कर मात्र चालूच राहिला. जमलेली सगळी रक्कम रोजगार हमी निधीत वर्ग होत नाही, असे महालेखापरीक्षकांनी राज्याला वेळोवेळी सुनावले आहे. आता चाळीस टक्के वाटा उचलायची वेळ आल्यावर ‘तिजोरीत पैसा नाही’ हे उत्तर महाराष्ट्राच्या तोंडी शोभणार नाही. इतर राज्यांना नवा पैसा शोधावा लागेल. महाराष्ट्रात तो या नावाने पन्नास वर्षे कापला जातो आहे. आजच्या दराने तीस वर्षे नोकरी केलेल्या एका कामगाराचे ७५,००० रुपये होतात.

म्हणून आपल्या मागण्या अशा असाव्यात. एक, व्यवसाय कराची दरवर्षीची जमा, राज्याचा जोड वाटा आणि रोजगार हमीवरचा खर्च हे तीन आकडे एका कागदावर जाहीर करावेत. दोन, मागेल त्याला काम हा महाराष्ट्राचा १९७७ चा शब्द दिल्लीच्या वाटणीवर अवलंबून ठेवू नये. तीन, रेल्वे व टपालातील मंजूर रिकाम्या जागा ठरलेल्या वेळापत्रकाने भराव्यात आणि ॲप्रेंटिस झालेल्यांना त्यांत वाटा द्यावा. चार, प्रशिक्षणाच्या प्रत्येक योजनेचा हिशेब किती शिकले यावर थांबवू नये, वर्षानंतर किती कामावर आहेत यावर करावा. आणि पाच, विद्यावेतन त्या शहरात राहता येईल एवढे असावे.

या मागण्या ठरावात लिहून थांबायचे नाही. प्रत्येक शाखेने आपल्या सभासदांच्या घरातील शिकलेल्या, काम शोधणाऱ्या मुलामुलींची यादी करावी. कुणी कोणते प्रशिक्षण घेतले, किती पैसे मिळाले, आज काय करतात, एवढे चार रकाने पुरेत. गावी जाल तेव्हा ग्रामपंचायतीत विचारा, नमुना चार भरून घेतात का, पोच देतात का. पोच नसेल तर मागणी नोंदली जात नाही आणि मागणी नोंदली नाही की सरकार म्हणते, काम मागायला कोणी आलेच नाही. अशा शंभर शाखांच्या याद्या एकत्र आल्या तर सरकारच्या आकड्यांशेजारी आपले आकडे ठेवता येतील.

पगारातून पैसे कापले जातात तेव्हा आपल्याला कोणी विचारत नाही. पण ते कुठे गेले हे विचारायला आपल्याला कुणाची परवानगी लागत नाही. तो प्रश्न पुढच्या पगाराच्या आधी शाखेच्या लेटरहेडवर लिहून पाठवा.